पीव्ही टी-६०: एका उपेक्षित गिटारची कथा

१/ १९७०च्या दशकात अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार म्हटली की फेंडर आणि गिब्सन हीच नावे पुढे येत. परंतु दोन्ही कंपन्या तेव्हा मोठ्या उद्योगसमूहांच्या ताब्यात होत्या आणि दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले होते.

२/ मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथे हार्टली पीव्ही यांनी १९६५ मध्ये अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी कंपनी स्थापन केली होती. बंदुकीचे लाकडी दस्ते यंत्रावर अचूक कोरले जातात, मग गिटारची मान का नाही, असा विचार त्यांनी केला.

३/ त्यातून १९७८ मध्ये टी-६० बाजारात आली. संगणक-नियंत्रित यंत्रांवर घडलेल्या अगदी आरंभीच्या गिटारांपैकी ती एक होती. माना एकसारख्या, जोड घट्ट, किंमत आवाक्यातली. टोनचा नॉब फिरवून पिकअप एकेरी कॉइलवरून दुहेरीवर नेता येई.

४/ तरीही प्रतिष्ठा लाभली नाही. वजन फार, रूप साधे, त्यात ‘यंत्रावरची’ हा शिक्का. १९८०च्या दशकात उत्पादन थांबले आणि पुढे अनेक वर्षे ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळत राहिली.

५/ अलीकडे तिचे भाव वाढले आहेत. पण १९५९च्या गिब्सन लेस पॉलला लाखो डॉलर मिळत असताना तिची किंमत त्याच्या आसपासही नाही. मात्र जी पद्धत तेव्हा हिणवली गेली, तिच्यावरच आज फेंडर-गिब्सनसह बहुतेक मोठे कारखाने चालतात. जुन्या गिटारच्या भावात नावाचे मोल धरले जाते. या ऋणाची नोंद तिथे होत नाही.