शिराळकर या उपनांवाचें मूळ

जुन्या कागदांत 'शिराळकर' असें उपनांव आढळलें, कीं तो पुरुष बत्तीस शिराळ्याचा असें टिपण करून संग्राहक मोकळे होतात. आम्हीहि पूर्वीं तसेंच करीत असूं. परंतु या नांवाचा माग काढूं लागल्यावर असा निर्णय घाईचा ठरतो, अशी आमची खात्री झाली आहे.

शिराळा हें मोरणा नदीच्या कांठचें जुनें कसब्याचें ठिकाण. त्याच्याखालीं बत्तीस गांवें होतीं म्हणून त्यास बत्तीस शिराळा म्हणतात, असें तिकडे सांगतात. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकीं एक येथें आहे. नागपंचमीमुळें तर गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. १९४९ पर्यंत तें सातारा जिल्ह्यांत होतें. पुढें दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० त त्यालाच सांगली हें नांव मिळालें.

आतां मुख्य मुद्दा. 'कर' लागलेलें ग्रामवाचक उपनांव बहुधा त्या गांवांत पडत नसतें. गांव सोडल्यावर पडतें. गांवांत सर्वच शिराळ्याचे, तेथें एकासच शिराळकर म्हणण्याचें प्रयोजन काय? तेथें माणूस ओळखला जातो तो वतनावरून: देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, महाजन. शिराळ्याच्या नागपंचमीच्या कथेंत गोरक्षनाथ ज्या घरीं भिक्षेस गेले तें घर महाजनांचें. आणि महाजन हें मूळचें पेठेच्या वतनाचें नांव होय. याच घराण्यांतील धाकटी पाती चाकरीनिमित्त परमुलखीं गेली, तर तेथें ती शिराळकर होणें साहजिक. म्हणून शिराळकरांचे पूर्वज शिराळ्याच्या कागदांत त्याच नांवानें शोधणें व्यर्थ होय. तेथें ते वतनाच्या नांवाखालीं असावयाचे.

दुसरी अडचण गांवांची. शाहुवाडी तालुक्यांत शिराळे तर्फ मलकापूर व शिराळे वारुण आहेत. वैभववाडीकडे, जेथील ग्रामस्थ 'गांवपळणी'स वेशीबाहेर राहावयास जातात, तें शिराळेंच. वऱ्हाडांत अमरावतीकडेहि एक शिराळा आहे. यांपैकीं कोणत्याहि गांवाहून निघालेला मनुष्य शिराळकर म्हणवूं शकतो. (शिराळें म्हणजे दोडका, यावरून उपनांव लावणारे विनोदी लोकहि आम्हांस भेटले. त्यांस उत्तर देण्याचें कारण नाहीं.)

सर्वांत मोठा घोटाळा मोडी वाचनाचा. नीरेकांठच्या शिरवळचे शिरवळकर व कृष्णेकडील शिरोळचे शिरोळकर हीं अगदीं निराळीं उपनांवें. कादंबरीकार सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचें नांव छापलेलें असतें म्हणून कोणी चुकत नाहीं. पण धांवत्या मोडींत एक 'व' आंखडला, किंवा शिरोळकरांतील मात्रा पुसट झाली, कीं तिघेहि शिराळकर होतात. शिरोळ व शिराळा एकाच कृष्णा-वारणेच्या मुलखांतील असल्यामुळें संदर्भानेंहि चूक ध्यानांत येत नाहीं.

हल्लीं हें आडनांव सांगली-मिरजेपासून पुण्या-मुंबईपर्यंत भेटतें. शहाद्याच्या श्रमिक संघटनेंतून आदिवासींसाठीं झटलेले कुमार शिराळकर (निधन २०२२) यांच्यामुळें तें खानदेशांतहि परिचित झालें. मात्र घराणें हल्लीं कोठें नांदतें यावरून मूळ गांव ठरत नाहीं.

तें ठरविण्यास गोत्र, कुळदैवत व जुनें वतन हीं तिन्ही जुळावीं लागतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक व पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाचें मूळ गांव व बहुधा पूर्वीचें उपनांवहि नोंदलेलें असतें; तो पुरावा आम्ही सर्वांत वर धरतों. त्याखालोखाल इनाम कमिशनापुढील कैफियती. १९५० च्या कायद्यानें परगणे व कुळकर्णी वतनें गेलीं. तेव्हां निरुपयोगी म्हणून अनेक घरांतील रुमाल माळ्यावर गेले आणि वाळवीनें खाल्ले.

ज्यांच्या संग्रहांत 'शिराळकर' असें वाचलेला एखादा कागद असेल त्यांनीं मूळ ओळ पुन्हां पाहावी, व 'व' किंवा मात्रा यांविषयीं किंचितहि संशय असल्यास त्या ओळीचें छायाचित्र आमच्याकडे धाडावें.