हातात काम, हृदयात एकांत

मराठवाड्यातील ख्रिस्तमंडळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा मिशन केंद्रे, शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्मे यांचा हिशेब मांडतो. तो मांडलाच पाहिजे. परंतु या भूमीत श्रद्धा घेऊन आलेल्या धर्मगुरूंनी आपल्याबरोबर प्रार्थनेची कोणती परंपरा आणली, हा प्रश्न आम्ही स्वतःला क्वचितच विचारतो. ‘मनन, ध्यान हे व्रतस्थांचे काम, आम्हां प्रापंचिकांना मिस्सा आणि जपमाळ पुरे’ असे आपल्या घरोघरी सहज म्हटले जाते. गंमत अशी, की ज्या संताच्या नावाने आपल्या धर्मप्रांताचे कॅथीड्रल उभे आहे, त्याने नेमकी हीच समजूत खोडून काढण्यासाठी आपली लेखणी झिजवली.

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांना ‘सेंट फ्रान्सिस डि सेल्स’ हे एका शाळेचे नाव म्हणून परिचित आहे. संत फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ साली सव्हॉय प्रांतात झाला. १६०२ मध्ये ते जिनीव्हाचे बिशप झाले. पण ते शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचे वास्तव्य अ‍ॅनसी या गावी असे. त्याच अ‍ॅनसीत १८३८ साली फादर पीटर मर्मिए यांनी त्यांच्या नावाने धर्मगुरूंची एक संस्था स्थापन केली. या संस्थेचे पहिले मिशनरी १८४५ साली भारताकडे निघाले. विशाखापट्टणम, नागपूर आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातील मराठवाडा असा त्यांचा प्रवास झाला. घोगरगावच्या परिसरात फादर गुरियन जाकिए यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १८८७ साली नागपूर, १९५५ साली अमरावती आणि १९७७ साली औरंगाबाद अशी धर्मप्रांतांची उभारणी झाली. अ‍ॅनसीपासून आपल्या वेशीपर्यंत आलेला हा धागा असा अखंड आहे.

या धाग्यात गुंफलेले मोती म्हणजे संत फ्रान्सिस यांचा १६०९ साली प्रसिद्ध झालेला भक्तिजीवनावरील ग्रंथ. तो कोणा संन्याशासाठी लिहिलेला नाही. एका विवाहित स्त्रीला त्यांनी मार्गदर्शनपर पत्रे लिहिली होती; ती पत्रे हे त्या ग्रंथाचे मूळ. सैनिकाची छावणी, कारागिराचे दुकान, राजाचा दरबार आणि विवाहितांचे घर यांतून भक्तीला हद्दपार करू पाहणे हा धर्मविरोधी विचार आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे बजावले. मात्र प्रत्येकाची साधना त्याच्या कर्तव्याला साजेशी हवी, हेही त्यांनी सांगितले. कारागिराने दिवसभर देवळात बसावे आणि गृहस्थाने जोगड्यासारखे निष्कांचन राहावे, हे त्यांना हास्यास्पद वाटे.

मग प्रापंचिकाने करावे तरी काय? संत फ्रान्सिस यांची रीत साधी आहे. सकाळी प्रथम परमेश्वराच्या सान्निध्याची जाणीव जागवावी, प्रभू येशूच्या जीवनातील एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणून त्याचे मनन करावे आणि त्यातून त्या दिवसापुरता एक निश्चित संकल्प करावा. बागेतून बाहेर पडताना माणूस दोन फुले बरोबर घेतो आणि दिवसभर त्यांचा गंध घेतो; तसे मननातले एखादे वाक्य दिवसभरासाठी मनात ठेवावे. कामाच्या गर्दीत अधूनमधून अंतःकरणाच्या एकांतात शिरून एका श्वासाची प्रार्थना करावी. प्रार्थनेतून उठताना, मौल्यवान द्रवाने भरलेले पात्र घरी नेणाऱ्यासारखे जपून उठावे, असा त्यांचा दृष्टान्त आहे. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन खाचखळग्यांची वाट तुडवणाऱ्या मराठवाड्यातील आयाबहिणींना हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही. मूल एका हाताने बापाचा हात धरते आणि दुसऱ्या हाताने कुंपणावरची फळे वेचते. संसारात माणसाने असे वागावे, असेही ते म्हणतात.

ही शिकवण या मातीला परकी वाटण्याचे कारण नाही. संत फ्रान्सिस तरुण धर्मगुरू असताना, १५९९ साली, पैठणला संत एकनाथांनी देह ठेवला. तेही गृहस्थच होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. रात्रभर जागून हिशेबातील एका पैची चूक शोधून काढल्यावर एकनाथांना आनंद झाला. तीच एकाग्रता देवाकडे वळव, असे गुरूंनी त्यांना सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. दोघांची श्रद्धा एक नव्हती. तो भेद पुसण्याची आमची इच्छा नाही. संत फ्रान्सिस यांच्या मननाचा केंद्रबिंदू क्रुसावर खिळलेला प्रभू ख्रिस्त हाच आहे. परंतु संसार हा साधनेचा शत्रू नाही, हे दोघांनीही जगून दाखवले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले. संत फ्रान्सिस यांचा ईश्वरी प्रीतीवरील महाग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, हा योगायोग आम्हांला मनोज्ञ वाटतो.

पुढे ख्रिस्तसभेने हीच गोष्ट अधिकारवाणीने सांगितली. पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली जाहीर केले. संत फ्रान्सिस यांच्या चारशेव्या स्मृतिदिनी, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र लिहिले.

आज आपली मुले-मुली मनःशांतीच्या शोधात वर्ग, शिबिरे आणि मोबाईलवरील ध्यानाचे धडे धुंडाळतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण आपल्याच घरातील ठेवा आपण त्यांना कधी उघडून दाखवला काय? जपमाळेची रहस्ये आपण म्हणतो. त्या रहस्यांपाशी क्षणभर थांबतो काय? माळ ओढण्याची घाई संपली, की ज्याला आपण व्रतस्थांचे ध्यान म्हणतो, ते तिथेच सुरू होते.

दरवर्षी २४ जानेवारीला आपण संत फ्रान्सिस यांचा सण साजरा करतो. येत्या सणाला मिस्सा आटोपून घरी परतताना प्रत्येक कुटुंबाने त्या दिवसाच्या शुभवर्तमानातील एक वाक्य बरोबर न्यावे आणि रात्री जेवणानंतर, दिवसभरात ते कुठे कुठे आठवले, हे एकमेकांना सांगावे. आमच्या पूर्वजांकडे श्रद्धा घेऊन आलेल्या त्या धर्मगुरूंचे ऋण फेडण्याची याहून चांगली रीत आम्हांला तरी सुचत नाही.