सराट्याच्या मुलखातले हवेचे चाक

बीड जिल्ह्यात हवेच्या चाकाचा खरा वैरी काटा आहे. बालाघाटाच्या रांगेने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. गेवराई, माजलगाव ही गोदाकाठची गंगथडी काळ्या जमिनीची, तर आष्टी, पाटोदा हा घाटावरचा भाग बहुतांशी हलक्या, मुरमाड जमिनीचा. गंगथडीत ओढ्याकाठी आणि बांधांवर बाभूळ, घाटावर हिवर आणि बोर, आणि गावठाणाच्या पडीक जागेत अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ. बाभळीचा पांढरा काटा दोन-तीन इंचांपर्यंत वाढतो. बोराटीच्या फांद्या तोडून शेताला कुंपण घालण्याची रीत जुनी आहे. त्या फांद्या ओढत नेल्या की वाटेवर काटे पडतातच.

या सगळ्यांहून सायकलला जास्त छळतो तो सराटा. पावसाळ्यात जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या बारीक फुलांची ही वेल दिवाळीच्या सुमारास वाळते. तिचे फळ पाच भागांत फुटते आणि प्रत्येक भागाला टणक काटे असतात. तो तुकडा जमिनीवर कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराटा धुळीत दिसतही नाही. अनवाणी पाय, शेळीचे खूर आणि सायकलचे टायर या तिघांच्या साहाय्याने त्याचे बी गावोगाव पसरते.

बैलगाडीला याचे काहीच वाटत नसे. लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव चढवी, आणि त्या धावेखाली काटा चिरडून जाई. चाकात हवा भरण्याची कल्पना फार दूरची होती. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने 1845 मध्ये तिचे पेटंट घेतले, पण ती मागे पडली. पुढे बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि 1888 मध्ये पेटंट मिळवले. थॉमसनचे पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे रद्द झाले, नाव मात्र डनलॉपचेच राहिले. हे टायर चाकाला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणे हे तासन्‌तासांचे काम होते. फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. रस्त्याकडेला बसून पंक्चर काढणाऱ्या माणसाचा धंदा खरे तर तिथून शक्य झाला.

बीड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रेल्वे होती ती परळीला. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवासी गाडी यायला 2025 साल उजाडले. त्यामुळे गाव ते तालुका हे अंतर पायी, बैलगाडीने, नंतर एसटीने आणि सायकलने तोडावे लागे. सुरुवातीच्या सायकली विलायती होत्या, त्यामुळे त्या श्रीमंतांकडे किंवा सरकारी नोकरांकडेच दिसत. डनलॉप कंपनीने हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे 1936 मध्ये टायरचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळच्या टीआय सायकल्सने हर्क्युलस, सोनीपतच्या अ‍ॅटलसने आणि 1956 पासून लुधियानाच्या हीरोने काळ्या रंगाची, दांडीची, मजबूत कॅरियरची सायकल गावागावांत पोहोचवली. मास्तर, पोस्टमन आणि गवळी यांचे ते वाहन झाले. लग्नात जावयाला घड्याळ आणि रेडिओबरोबर सायकल द्यायची चालही पडली. ज्यांना विकत घेणे परवडत नसे त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने होती.

पंक्चरचा धंदा याच दुकानांच्या दारात वाढला. त्याची साधने इतकी थोडी होती की एका लाकडी पेटीत मावत: टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, पाने, कानस, कात्री, सोल्युशनची डबी, हातपंप आणि पाण्याचे घमेले. कारागीर टायरची एक बाजू रिमवरून उतरवतो, ट्यूब बाहेर ओढतो, हवा भरून ती वीतभर-वीतभर पाण्यात दाबतो. बुडबुडे आले तिथे खूण. मग ती जागा पुसून कोरडी करतो, कानशीने खरवडतो, सोल्युशन लावतो आणि ते सुकेपर्यंत थांबतो. हे थांबणेच महत्त्वाचे. सोल्युशन म्हणजे पेट्रोलजन्य द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून गेल्याशिवाय ठिगळ धरत नाही. ठिगळ बहुधा जुन्या ट्यूबचेच कापलेले असते. शेवटी टायरच्या आतून बोटे फिरवून मोडलेला काटा शोधायचा. तो राहिला तर पुढच्या मैलावर तेच पंक्चर पुन्हा. अनुभवी कारागिराची ओळख या बोटांत असते.

काट्याला आधीच अडवण्याचे उपायही याच दुकानांत झाले. जुनी ट्यूब उभी चिरून नव्या ट्यूबवर अस्तरासारखी घालायची, किंवा टायरला भोक पडले तर बाद टायरचा तुकडा आतून बसवायचा. अशी सायकल चालवायला जड होई, पण सराटा सहसा आत पोहोचत नसे. पैशाअभावी निघालेली ही युक्ती तत्त्वाने पक्की होती. परदेशांत आज टायर आणि ट्यूबमध्ये घालण्याच्या ज्या पट्ट्या विकल्या जातात, त्या हेच काम करतात.

हवेचे चाक बीडच्या माणसाच्या पोटापाण्याशी आणखी एका वाटेने जोडले गेले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 च्या अखेरीस सुरू झाले. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि दसरा-दिवाळीनंतर बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघू लागल्या. ऊस वाहण्यासाठी कारखान्यांनी रबरी टायरच्या बैलगाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यावरून तोडीच्या तळांना नावे पडली: स्वतःच्या गाडीचे ते गाडी सेंटर, कारखान्याच्या टायरगाडीचे टायर सेंटर, आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रकमध्ये भरायच्या ते डोकी सेंटर. टायरगाडी लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा हलकी चाले आणि जास्त ओझे पेले. पण भरल्या गाडीचे चाक फडातून निघताना बसले तर खेप खोळंबते, आणि टोळीची मजुरी टनावर असते. या कामगारांच्या हिशेबात पंक्चर ही किरकोळ गोष्ट कधीच नव्हती.

छिद्र आपोआप बुजवणारा द्रव ही कल्पनाही जवळजवळ हवेच्या टायरइतकीच जुनी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘नेव्हरलीक’ नावाचा द्रव सायकलस्वारांना विकला जात होता. आजच्या स्वरूपात तो रुळला तो कोरड्या, काटेरी प्रदेशांमुळे. कॅलिफोर्नियात 1989 मध्ये ‘स्लाइम’ हा हिरवा द्रव बाजारात आला. अमेरिकेच्या त्या नैर्ऋत्य भागात सायकलस्वार ज्या काट्याला कंटाळले होते, तो सराटाच. बाहेरून तिथे जाऊन फोफावलेला. बीडचा गुराखी आणि तिथला सायकलस्वार एकाच वनस्पतीला शिव्या देत आले आहेत. द्रवाच्या जोडीचा दुसरा उपाय म्हणजे ट्यूबच काढून टाकणे. ते काम मोटारींत आधी झाले होते. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेग यांच्या ट्यूबलेस टायरला 1952 मध्ये पेटंट मिळाले. सायकलसाठी माव्हिक, मिशलँ आणि हचिन्सन यांनी 1999 मध्ये ट्यूबलेस पद्धत आणली आणि 2000 नंतर डोंगरी सायकलींत पातळ रबरी चिकाचा द्रव सर्रास वापरला जाऊ लागला.

या द्रवात रबराचा चीक, तो गोठू नये म्हणून थोडा अमोनिया किंवा तत्सम पदार्थ, सुकण्याचा वेग कमी करणारे ग्लायकॉल आणि बारीक कण किंवा तंतू असतात. डोंगरी सायकलच्या टायरला सुमारे 100 मिलिलिटर पुरतो. चाक फिरताना तो आतून सर्वत्र पसरतो. काटा घुसला की सुटणारी हवा त्याला छिद्रात ढकलते, कण अडकतात आणि चीक तिथेच गोठतो. काही मिलिमीटरपर्यंतची भोके अशी बुजतात. बाजूचा चिरा बुजत नाही. काही महिन्यांनी द्रव वाळतो आणि पुन्हा भरावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा ठिकाणी ही मुदत आणखी कमी होते.

बीडमध्ये हा उपाय आला तो सायकलमधून नव्हे, मोटारसायकलमधून. बजाजचा वाळूज येथील कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि पुढच्या दोन दशकांत मराठवाड्यात दुचाकीने सायकलची जागा घेतली. दुचाकींना ट्यूबलेस टायर येऊ लागल्यावर पंक्चरच्या दुकानांत घमेल्याशेजारी नवे साहित्य आले: भोकात कोंबायची चिकट रबरी पट्टी, ती आत ढकलणारा टोच्या आणि बाटलीतले पंक्चरचे जेल. चाक न उतरवता काही मिनिटांत काम होऊ लागले.

साध्या सायकलला मात्र ट्यूबच राहिली. 28 × 1½ इंची टायर, त्याचे रिम आणि आऱ्यांची भोके यांची रचना हवाबंद नसते. ट्यूबमध्ये जेल ओतता येते, कारण तिच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हचा आतला भाग पूर्ण निघतो. पण तोच भाग पुढे जेलने चोंदतो. शिवाय पातळ ताणलेल्या ट्यूबचे भोक जाड टायरच्या भोकापेक्षा लवकर मोठे होते. ट्यूबलेस सायकल आणि तिचा द्रव महागही पडतो, आणि ठिगळ थोडक्या पैशांत लागते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. त्या सायकलीही ट्यूबच्याच असतात, आणि शाळेच्या वाटेवर काटा भरला की त्या सोल्युशन आणि कानस घेऊन बसलेल्या दुकानदाराकडेच जातात.