नब्ज, नाडी आणि मनगटावरचं घड्याळ

चारकोपला संध्याकाळी चालायला निघालं की बऱ्याच जणांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ दिसतं. माझा एक मित्रही तसंच घड्याळ घालून पळायला लागला. वय ४८. २२० उणे ४८ म्हणजे १७२, त्याचे ८५ टक्के १४६. तो आकडा गाठायचाच म्हणून पळत राहिला आणि चक्कर येऊन कट्ट्यावर बसला. डॉक्टरांनी नंतर समजावलं, ‘तुमची रक्तदाबाची गोळी नाडी मंद ठेवते. हा हिशेब तुम्हाला लागूच नाही.’

मग हा हिशेब आला कुठून?

अकराव्या शतकात इब्न सीनाने ‘अल्-कानून’मध्ये नब्जची दहा लक्षणं सांगितली. प्रेमात पडून खंगलेल्या रोग्याची नाडी धरून नावं उच्चारत जायची आणि कुठल्या नावाला ती बदलते ते बघायचं, हेही त्यानेच लिहून ठेवलं. आपल्याकडे शार्ङ्गधराने नाडीची चाल साप, बेडूक आणि हंस यांच्या चालीवरून ओळखायला शिकवलं. हकीम काय, वैद्य काय, दोघांकडेही मिनिट नव्हतं. समोरच्या माणसाची नाडी कशी बदलते, यावर त्यांचं लक्ष असे.

मिनिट आलं इंग्लंडमध्ये. जॉन फ्लॉयर या डॉक्टरने एक मिनिट चालणारं खास घड्याळ करून घेतलं आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून नाडीला आकडा मिळाला.

महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे त्यांनी यंत्राने मोजून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं. इब्न सीनाचंच सूत्र हे: शरीराला काही करायला लावा आणि बदल बघा.

१९५७ साली फिनलंडच्या कार्वोनेनने तरुणांना पट्ट्यावर पळवलं. त्याने विश्रांतीची नाडी आणि कमाल नाडी यांच्यातलं अंतर धरलं. त्या अंतराच्या ६० टक्क्यांच्या वर नाडी गेली, तरच दम वाढतो असं त्याला दिसलं. ‘२२० उणे वय’ १९७१ चं. फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून काढलेला तो ढोबळ अंदाज. एकाच वयाच्या धडधाकट माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पुढे फिनलंडच्याच पोलर कंपनीने १९८२ साली बिनतारी यंत्र बाजारात आणलं. यंत्रं मनगटावर आली आणि त्यांच्यासोबत तो अंदाज नियम होऊन बसला.

वर्गात सगळ्या मुलांना एकच पट्टी लावू नये, हे आम्हाला बी.एड.ला शिकवलं होतं. शरीराचंही तेच आहे.

मित्र आता सकाळी अंथरुणातच नाडी मोजतो आणि वहीत लिहितो. डॉक्टरांना विचारून, बोलता येईल इतक्याच वेगाने चालतो. घड्याळ अजून घालतो, पण तुलना स्वतःच्या कालच्या आकड्याशी करतो.