टिळकांची जर्मन, गुरुजींची तमिळ

आजचा प्रश्न एकदम सरळ आहे. क्लास नाही, सर नाहीत, हातात फक्त पुस्तक किंवा मोबाईलवरचं ॲप. एवढ्यावर नवी भाषा कुठपर्यंत येते?

आमच्या नांदगावसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न थेट खिशाचा आहे. जर्मन किंवा जपानी शिकायचं म्हटलं की पुणं आठवतं. मग तिथली फी, रूमचं भाडं, मेसचा डबा. घरबसल्या जमलं तर कोणाला नकोय? पण जमतं का? उत्तरासाठी आज आपण दोन तुरुंगांत जाऊन येऊ.

पहिला तुरुंग मंडालेचा. 22 जुलै 1908 ला मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना 52 वर्षं पूर्ण होणार होती. तब्येत मधुमेहाने पोखरलेली आणि रवानगी ब्रह्मदेशात. तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच कोठडीत त्यांनी पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यासही केला, हे फारसं कोणी सांगत नाही. युरोपातल्या पंडितांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत, एवढाच हेतू.

हे त्यांना का जमलं असेल? एक, वेळ. सुटका झाली थेट जून 1914 मध्ये. दोन, पाया. जर्मनमध्ये चार विभक्त्या आणि तीन लिंगं. संस्कृतच्या आठ विभक्त्या कोळून प्यायलेल्या माणसाला त्याचं काय भ्या? तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांना हवं होतं वाचन. वाचताना वेग आपल्या हातात असतो. शब्द अडला की थांबायचं, कोश उघडायचं, मागचं पान पुन्हा बघायचं. पुस्तक कंटाळत नाही.

बोलणं म्हणजे मात्र लाईव्ह कॉल. तिथे पॉज नाही.

आता दुसरा तुरुंग, त्रिचनापल्लीचा, म्हणजे आजचं तिरुचिरापल्ली. साने गुरुजी अंमळनेरला मास्तर होते, आपल्या खानदेशच्या शेजारातले. 1930 च्या सत्याग्रहात पकडले गेले, आधी धुळ्याला आणि मग तिकडे. तिथे आजूबाजूला दक्षिणेतले कैदी. त्यांच्या संगतीत गुरुजी तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा 'कुरळ' मराठीत आणला.

इथे एक गंमत बघा. 'तमिळ' आणि 'कुरळ' हे दोन्ही शब्द आपण 'ळ' ने संपवतो. तमिळमध्ये मात्र ती दोन वेगळी अक्षरं आहेत आणि दोन वेगळे उच्चार. 'कुरळ'मधला 'ळ' आपलाच, पण 'तमिळ'मधला आपल्याकडे नाहीच. शिवाय 'क' आणि 'ग' साठी तिथे एकच अक्षर. कुठे काय म्हणायचं हे पुस्तक नियमाने सांगेल, पण तुमची जीभ चुकली तर हसून दुरुस्त करायला समोर माणूसच लागतो. गुरुजींना तो कोठडीत मिळाला. पुढे त्यांनी भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून 'आंतरभारती'ची कल्पना मांडली, तिच्यामागे ही संगत असणारच, असं मला वाटतं.

आपल्या आजोबा-पणजोबांचं ॲप म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांनी तीन भागांत लिहिलेली. पद्धत अशी की नियम शिका, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यावर इंग्रजी लिहायला-वाचायला शिकले. पण भाषांतराची सवय लागली की डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं, मग त्याचं इंग्रजी. कागदावर चालतं. समोरचा मात्र तोवर पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

आजची ॲपं वेगळी आहेत का? आवाज आला, गुण आले, रोजची हजेरी आली. पण बरीच कामं अजून तीच: चारांतला बरोबर पर्याय निवडा. परीक्षासुद्धा बघा. जपानीची जेएलपीटी 1984 पासून होते, तिच्यात वाचन आहे, ऐकणं आहे, बोलणं नाहीच. म्हणजे घरी बसून ती पास होता येईल आणि तरी इंटरव्ह्यूत तोंड उघडणार नाही. उलट गोएथेच्या जर्मन परीक्षेत अगदी ए1 पासून बोलायला लावतात. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे नर्स म्हणून गेलेल्या मुलीसमोरचा पेशंट, ती वाक्य जुळवेपर्यंत थांबणार आहे का?

म्हणून माझं मत असं. लिपी, व्याकरण, पहिले हजार-दोन हजार शब्द, वाचन, हे सगळं घरी करा. त्यासाठी पुण्यात भाडं भरायची गरज नाही. पैसे वाचवा आणि ते बोलण्यावर खर्च करा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कोणाशी तरी त्याच भाषेत बोला, व्हिडिओ कॉलवर चालेल. फुकटही मिळतं कधी. पंजाबी शिकायची असेल तर शेजारच्या मनमाडच्या गुरुद्वारात जा, लंगरला बसा, कान उघडे ठेवा.

टिळकांना वाचायचं होतं, त्यांना पुस्तक पुरलं. तुम्हाला भाषा कशासाठी हवी आहे, ते आधी ठरवा. ॲप नंतर डाउनलोड करा.

चला, भेटू पुढच्या भागात!