बक्षिसाची बाटली

आमच्या वेट कँटीनमध्ये गेल्या उन्हाळ्यापासून कोल्ड ड्रिंक मिळत नाही. राजस्थानात, ऐन मे महिन्यात असा हुकूम काढणारा सीओ किती लोकप्रिय असेल, हे माजी सैनिक वाचकांना वेगळं सांगायला नको.

निमित्त झाला एक हवालदार. हत्यार शिकवण्यात त्याचा हात धरणारा पलटणीत कुणी नव्हता. वार्षिक मेडिकलमध्ये साखर निघाली, लो मेडिकल कॅटेगरी लागली आणि नायब सुभेदारीची बढती अडकली. मी कंपनी कमांडर असताना तो माझ्याच कंपनीत होता. फायरिंगची स्पर्धा जिंकली की मी क्रेट मागवायचो आणि पहिली बाटली त्याच्या हातात द्यायचो. एका बाटलीने कुणाला मधुमेह होत नाही, हे मलाही कळतं. पण शाबासकी म्हणजे बाटली, हे त्याच्या मनात बसवणाऱ्यांत मीही होतो.

सैनिक आणि ही बाटली यांची गाठ दुसऱ्या महायुद्धात पक्की बसली. १९४१ मध्ये कोका-कोलाचे प्रमुख रॉबर्ट वुडरफ यांनी ठरवलं, की अमेरिकन सैनिक जगात कुठेही असो, त्याला बाटली पाच सेंटलाच मिळेल, कंपनीला कितीही खर्च येवो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत साखरेचं रेशनिंग सुरू झालं, पण सैन्याला जाणाऱ्या मालासाठी कंपनीला त्यातून सूट होती. २९ जून १९४३ रोजी उत्तर आफ्रिकेतल्या आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयातून तार गेली: भरलेल्या तीस लाख बाटल्या आणि दहा कारखान्यांची यंत्रसामग्री पाठवा. दारूगोळ्याच्या जहाजांना जागा अपुरी पडत होती, त्या काळातली ही मागणी! युद्ध संपेपर्यंत असे ६४ कारखाने परदेशी उभे राहिले होते. मनोबलाचा हिशोब म्हणून पाहिलं तर सेनापतीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण घरी परतलेला सैनिक ती चव बरोबर घेऊन गेला.

आपल्याकडे १९७७ साली ही कंपनी देश सोडून गेली आणि १९९३ मध्ये परतली. त्यानंतर काही वर्षांनी मी खडकवासल्याला प्रबोधिनीत दाखल झालो. क्रॉसकंट्री धावून आल्यावर गार बाटली कपाळाला लावण्याचं सुख अजून आठवतं.

उलटा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ मध्ये केला. आवारातल्या आणि रुग्णालयातल्या उपाहारगृहांतून, यंत्रांतून साखरेच्या पेयांची विक्री बंद. घरून आणायला मात्र मनाई नाही. रोज भरपूर पिणारे २१४ कर्मचारी निवडून त्यांची आधी आणि दहा महिन्यांनी पाहणी केली. दिवसाला साधारण एक लिटरवरून प्रमाण निम्म्यावर आलं, कंबरेचा घेर सरासरी दोन सेंटिमीटरने घटला. वजनाच्या निर्देशांकात फरक पडला नाही, आणि तुलनेसाठी बंदी नसलेला दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त पटली: ज्यांच्याशी कुणीतरी दहा मिनिटं बसून बोललं, त्यांचं पिणं इतरांपेक्षा अधिक कमी झालं.

म्हणून मी नुसता हुकूम टांगला नाही. सैनिक संमेलनात आरएमओने ३०० मिलिलिटरच्या बाटलीतली साखर, सात-आठ चमचे, मोजून ताटलीत ओतली. मागच्या रांगेतून कुणीतरी “बाप रे!” म्हणालं. गेटबाहेरच्या दुकानदाराचा धंदा मात्र वाढला, तेही खरं.

नंतर सुभेदार मेजर साहेब ऑफिसात आले. “साहब, बोतल तो बंद हो गई. लंगर की चाय का क्या करें?”

मी निरुत्तर. आमच्या लंगरचा चहा म्हणजे पाकच, आणि सोबत शक्करपारे! महिनाभर वाद झाला. आता साखर वेगळी ठेवतात. जवान तीन-तीन चमचे घालतात, हवालदार बिनसाखरेचा घेतो. परवा रस्सीखेच जिंकलेल्या कंपनीला मी मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजलं. त्याने ग्लास घेतला, सॅल्यूट केला आणि हळूच विचारलं, “साहब, बढ़िया है, पर इनाम कहाँ है?”