हाताचा गुण की सुईतलं औषध?

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात चांगला डॉक्टर कोण, हे एका वाक्यात ठरतं: "त्यांच्या हाताला गुण आहे." म्हणजे काय? एक सुई आणि पोरगं दुसऱ्या दिवशी खेळायला लागतं. आदिवासी पाड्यावरून मंचर किंवा नारायणगावला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे एका सुईत काम व्हावं असं वाटणं साहजिकच आहे. पण कधीकधी हा गुण हाताचा नसतो, स्टेरॉइडचा असतो.

त्याची गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांतच ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर डॉक्टरांना दुसरी बाजूही दिसली होती: चेहरा सुजणं, मन बिघडणं, औषध थांबताच दुखणं परत येणं.

असं का होतं? किडनीच्या वर अॅड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल बनवतात आणि किती बनवायचं हे मेंदू ठरवतो. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मेंदू ऑर्डरच पाठवत नाही. ग्रंथी सुस्तावतात. मग औषध एकदम बंद केलं तर उलट्या, साखर आणि बीपी घसरणं, प्रसंगी जीवावरही बेततं. काही इंजेक्शनांचा अंमल तर कित्येक आठवडे टिकतो.

लहान मुलांत अजून एक फसवणूक होते. गाल गोबरे होतात आणि आजी खूश: "बाळसं धरलंय!" पण वजन वाढतंय आणि उंची थांबलीये, तर ते बाळसं नाही. अंगणवाडीतली उंचीची नोंद इथे खरं सांगते. शिवाय प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे गोवर-कांजिण्याही जड जाऊ शकतात.

आपल्याकडे यावर आवाज उठलाच नाही असं नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने, दम्याचा अपवाद ठेवून, पोटात घ्यायच्या औषधांत स्टेरॉइड मिसळायला बंदी घातली. महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटनेने अनावश्यक इंजेक्शन-सलाईनविरुद्ध वर्षानुवर्षं लोकांना जागं केलं. तरी स्टेरॉइडची कुपी स्वस्त राहिली आणि सुईची आस तशीच.

एक मात्र नीट ऐका. स्टेरॉइड विष नाही. दम्याचा जोराचा अटॅक आला तर तेच पोराचा जीव वाचवतं. प्रश्न आहे तो साध्या सर्दी-तापाला, नाव न सांगता, पुन्हा पुन्हा दिलेल्या सुईचा.

म्हणून तीन गोष्टी करा. सुईचं नाव विचारा. ते कागदावर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. आणि बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल, तर घाबरून स्वतःहून बंद करू नका. बालरोगतज्ज्ञ ते हळूहळू कमी करतात.

हाताला गुण असलेला डॉक्टर नाव सांगायला लाजत नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!